फलनसंग्रहांची रचना व पुनरुपयोग : हरिहरेश्वर परिसरातील स्थलनामांच्या आधारे एक समीक्षा

१

भाषाविषयक संशोधनात संगणकाचा उपयोग आता अपवादात्मक राहिलेला नाही. शब्दांची वारंवारता मोजणे, नामांची रूपे वेगळी करणे, स्थलनामांच्या याद्या अकारविल्हे लावणे अशा कामांसाठी पदव्युत्तर विद्यार्थी स्वतःच लहान लहान आज्ञावल्या लिहितात. अशा प्रत्येक आज्ञावलीत काही भाग त्या त्या प्रश्नापुरता असतो, तर काही भाग पुन्हा पुन्हा लागणारा असतो. या दुसऱ्या प्रकारच्या भागाला नाव देऊन तो वेगळा काढला म्हणजे त्याचे फलन होते, आणि अशी फलने एकत्र ठेवली म्हणजे फलनसंग्रह तयार होतो. प्रत्यक्ष काम करणारे लोक यांनाच ‘फंक्शन’ आणि ‘लायब्ररी’ असे म्हणतात. शब्द कोणताही वापरला तरी प्रश्न एकच उरतो: एकदा लिहिलेले फलन दुसऱ्या आज्ञावलीत कोणत्या अटींवर वापरावे, आणि ज्या संग्रहात ते ठेवावयाचे त्याची मांडणी कोणत्या तत्त्वावर करावी?

हा प्रश्न वरवर पाहता सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात तो निष्कर्षाच्या प्रामाण्याचा आहे. संशोधकाने स्वतः न लिहिलेल्या फलनात त्याने स्वतः न तपासलेली गृहीतके असतात, आणि ती चुकीची ठरली तरी संगणक बहुधा तक्रार करीत नाही. तो मुकाट्याने उत्तर देतो. हे विधान केवळ सिद्धान्त म्हणून मांडण्यापेक्षा एका लहानशा, कोणालाही पडताळून पाहता येईल अशा उदाहरणाने स्पष्ट करणे युक्त होईल.

२

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदीच्या मुखाजवळ, हरिहरेश्वर हे क्षेत्र आहे. दक्षिण काशी म्हणून त्याची ख्याती असून पेशव्यांच्या घराण्याचे ते कुलदैवत होय. या परिसरातील सात नावे घ्यावीत: हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, बागमांडला, आणि खाडीपलीकडच्या रत्नागिरी जिल्ह्यातील बाणकोट व वेळास. ही नावे असलेला मजकूर शब्दशः तोडून शब्दांची गणना करावयाची आहे, असे समजू.

या कामासाठी विद्यार्थी बहुधा पायथन भाषेतील सायकिट-लर्न हा सुप्रसिद्ध संग्रह वापरतो. त्यातील शब्दगणनेचे फलन, काही वेगळे सांगितले नाही तर, दोन किंवा अधिक ‘शब्दवर्ण’ सलग आले म्हणजे शब्द झाला, असे मानते. शब्दवर्ण कोणता, हे ठरविण्याचे काम ते स्वतः करीत नाही. ते पायथनच्या मूळ संग्रहातील आकृतिबंधशोधाच्या फलनावर सोपविते. तेथे शब्दवर्णाची व्याख्या अक्षर, अंक आणि अधोरेखा एवढीच आहे. युनिकोडच्या वर्गवारीत देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि व्यंजनाचा पाय मोडणारे चिन्ह ही ‘अक्षरे’ नसून ‘चिन्हे’ आहेत. अर्थात या फलनाच्या दृष्टीने प्रत्येक मात्रेपाशी शब्द संपतो.

परिणाम असा होतो. ‘श्रीवर्धन’ या नावाचे ‘वर’ आणि ‘धन’ असे दोन शब्द होतात. ‘दिवेआगर’ मधून ‘आगर’ तेवढे उरते. ‘म्हसळा’ चे ‘हसळ’ होते, ‘बागमांडला’ चे ‘गम’ व ‘डल’, ‘बाणकोट’ चे ‘णक’. ‘वेळास’ मध्ये दोन मूळ वर्ण कोठेच सलग येत नाहीत. म्हणून ते गाव यादीतून समूळ नाहीसे होते. आणि ‘हरिहरेश्वर’ चे तीन शब्द मिळतात: ‘हर’, ‘हर’ आणि ‘वर’. ज्या क्षेत्राचे नावच हरी आणि हर यांच्या ऐक्यावर उभे आहे, त्यातील हरी या फलनाने काढून टाकला असून त्याच्या जागी दुसरा हर बसविला आहे.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ‘हर’, ‘वर’, ‘धन’, ‘आगर’ हे सर्व मराठीतले खरे शब्द आहेत. ‘णक’ किंवा ‘डल’ पाहून वाचकाला निदान शंका तरी येते; ‘वर’ पाहून ती येत नाही. उलट ‘हरिहरेश्वर’ आणि ‘श्रीवर्धन’ या दोन्ही नावांतून ‘वर’ निघाल्यामुळे या किनाऱ्यावरील नावांत ‘वर’ हा घटक वारंवार आढळतो, असा अगदी पांडित्यपूर्ण निष्कर्षही एखादा अभ्यासक काढू शकेल. चूक उघडी पडत नाही. ती निष्कर्षाचे रूप धारण करते.

या प्रकारात दोष कोणाचा, हे पाहिले पाहिजे. तो युनिकोडचा नाही. आकृतिबंधशोधासंबंधी युनिकोडने जी मार्गदर्शक नियमावली दिली आहे, तिच्यात अशी चिन्हे शब्दवर्णांत धरावीत असेच सुचविलेले आहे. शब्दगणनेचे फलन लिहिणाऱ्याचाही तो एकट्याचा नाही. इंग्रजीत एकवर्णी शब्द थोडे व गणनेच्या दृष्टीने गौण असल्यामुळे किमान दोन वर्णांची त्याची अट त्या भाषेपुरती समंजस आहे. दोष आहे तो दोन फलनांच्या सांध्यात. वरच्या फलनाने खालच्या फलनाची व्याख्या न तपासता घेतली, आणि विद्यार्थ्याने वरचे फलन त्याच पद्धतीने घेतले. पुनरुपयोगाच्या साखळीत गृहीतके अशी एका पायरीवरून दुसरीवर उतरत जातात, व शेवटच्या पायरीवरील माणसाला ती दिसतही नाहीत.

३

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. युरोपीय भाषांतील स्वरांवरील आघातचिन्हे काढून टाकण्यासाठी एक लहान फलन सर्वत्र प्रचलित आहे: प्रत्येक संयुक्त वर्ण त्याच्या घटकांत विभागावयाचा आणि मग जागा न व्यापणारी चिन्हे गाळावयाची. फ्रेंच मजकुरास ते उपयोगी पडते. देवनागरीस लावले असता काना व वेलांटी टिकतात, कारण युनिकोडच्या मते ती जागा व्यापतात. परंतु एकार, उकार, अनुस्वार आणि पाय मोडणारे चिन्ह नाहीसे होते. ‘हरिहरेश्वर’ चे ‘हरिहरशवर’ होते.

तिसरे उदाहरण तर मराठीच्या वर्णव्यवस्थेलाच हात घालणारे आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे ‘दरी’ चे अनेकवचन. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या जोडीतील भेदही असाच प्रसिद्ध आहे. हा भेद संगणकात दोन प्रकारे नोंदविला जातो. एका प्रकारात नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरतात. दुसऱ्यात साध्या ‘र’ च्या पाय मोडलेल्या रूपापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. हिंदीसाठी लिहिलेल्या कित्येक फलनांत, उर्दूतून आलेल्या शब्दांची लेखने एकसारखी व्हावीत म्हणून, नुक्ते गाळण्याची सोय असते. तसेच मजकूर स्वच्छ करणारी फलने अदृश्य चिन्हे कचरा समजून काढतात. दोन्ही कृती आपापल्या ठिकाणी वाजवी आहेत. मराठी मजकुरावर त्या चालविल्या म्हणजे मात्र सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. पहिली कृती एका पद्धतीने लिहिलेल्या मजकुरात हा गोंधळ करते, दुसरी दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या मजकुरात. म्हणजे एकाच ग्रंथसंग्रहातील निम्मी पाने शुद्ध आणि निम्मी भ्रष्ट, अशी स्थिती होणेही शक्य आहे.

लिपी एक म्हणून भाषा एक, ही समजूत या सर्वांच्या मुळाशी आहे. फलनावर ‘देवनागरीसाठी’ अशी चिठ्ठी असली तरी ती पुरेशी नाही. अकारविल्हे लावणाऱ्या फलनास मराठीत ‘ळ’ हा ‘ह’ च्या नंतर येतो हे ठाऊक नसेल, तर ते संकेतांकांच्या क्रमाने त्याला ‘ल’ च्या शेजारी बसविते, आणि मराठी कोशाचा क्रम बिघडतो.

४

पुनरुपयोगाची कल्पना संगणकाच्या जन्माइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठातील एड्सॅक हे यंत्र १९४९ साली चालू झाले आणि विल्क्स, व्हीलर व गिल या तिघांचा आज्ञावलीलेखनावरील ग्रंथ १९५१ साली निघाला. त्याचा मुख्य विषय उपकार्यांचा संग्रह हाच होता. व्हीलर यांनी १९५२ च्या एका निबंधात जो मुद्दा मांडला तो आजही विसरला जातो: उपकार्य लिहून व तपासून झाल्यावरही, ज्याने त्याचे अंतरंग पाहिलेले नाही अशा माणसास ते वापरता यावे म्हणून त्याचे वर्णन लिहिणे हे मोठे काम शिल्लकच राहते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हे यंत्र कार्यान्वित झाले, तेव्हा यंत्राचा वेळ व स्मरणशक्ती दोन्ही इतकी अपुरी होती की लिहिलेले पुन्हा न लिहिणे ही गरजच होती. पुढे १९६८ साली गार्मिश येथील परिषदेत मॅकिलरॉय यांनी कारखान्यातील सुट्या भागांप्रमाणे तयार फलनांचा पुरवठा व्हावा, अशी मागणी केली. आज तो पुरवठा विपुल आहे. व्हीलर यांना अभिप्रेत असलेले वर्णन मात्र त्या मानाने वाढलेले नाही.

विपुलतेचा एक दुष्परिणाम २०१६ साली दिसून आला. शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणारे सुमारे अकरा ओळींचे एक फलन त्याच्या कर्त्याने सार्वजनिक भांडारातून काढून घेतले, आणि त्यावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष अवलंबून असलेल्या असंख्य आज्ञावल्यांची उभारणी जगभर काही काळ अडून बसली. ज्या अकरा ओळी कोणीही लिहू शकला असता, त्यांच्यासाठी परक्या हातावर विसंबणे शहाणपणाचे होते काय, हा प्रश्न त्या वेळी विचारला गेला व तो योग्यच होता.

५

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास या चर्चेत पाणिनीची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु ती तारतम्याने झाली पाहिजे. इंगरमन यांनी १९६७ साली व्याकरणलेखनाच्या संगणकीय चिन्हपद्धतीला पाणिनीचे नाव जोडावे असे सुचविले; ब्रिग्ज यांचा १९८५ चा लेख तर त्याच्या आशयाहून पुष्कळ अधिक दावे करण्यासाठी वापरला गेला. अष्टाध्यायी ही संगणकाची आज्ञावली नव्हे. सुमारे चार हजार सूत्रांचा तो ग्रंथ लिहिला गेला तो मुखोद्गत करणाऱ्या माणसांसाठी. मात्र पुनरुक्ती टाळण्याचे जे तीन वेगवेगळे उपाय त्यात आढळतात, त्यांचे गुणदोष आजच्या प्रश्नाला लागू पडतात.

पहिला उपाय अनुवृत्तीचा. आधीच्या सूत्रातील पद पुढच्या सूत्रात न उच्चारता चालू राहते. लाघवाच्या दृष्टीने हा उपाय अतुलनीय आहे. परंतु त्यामुळे सूत्र त्याच्या जागेवरून उचलता येत नाही. उचलले तर त्याचा अर्थच अपुरा राहतो, आणि अनुवृत्ती कोठवर चालते यावर टीकाकारांत मतभेद होतात. दुसरा उपाय संज्ञेचा. एका ठिकाणी व्याख्या करून नाव द्यावयाचे आणि पुढे कोठेही त्या नावाने हाक मारावयाची. तिसरा उपाय गणपाठाचा. नियमात फक्त गणाचे नाव. शब्दांची यादी स्वतंत्र. ‘सर्वादि’ म्हटले की सर्वनामांची यादी गणपाठात पाहावी. यादी पाहण्यासाठी नियम मोडावा लागत नाही.

आजचा विद्यार्थी नोटबुकात काम करतो तेव्हा, बहुधा नकळत, पहिला उपाय पत्करतो. वरच्या खान्यात ठरविलेली मूल्ये खालच्या खान्यात न सांगता चालू राहतात, आणि खालचे फलन दुसऱ्या आज्ञावलीत नेले की ते एक तर बंद पडते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, भलत्याच मूल्यावर चालते. पाणिनीला अनुवृत्ती शोभली, कारण त्याचा ग्रंथ एकसंध होता व क्रमाने पाठ होत असे. अनेक आज्ञावल्यांत वाटून वापरावयाच्या संग्रहास ती शोभत नाही. तेथे संज्ञा आणि गणपाठ हेच मार्ग स्वीकारले पाहिजेत: फलनास जे लागते ते त्याला हाक मारतानाच हातात द्यावे, आणि परसर्ग, वर्ज्य शब्द, ग्रामनामे यांच्या याद्या फलनाच्या पोटात न ठेवता वेगळ्या ठेवाव्यात.

६

मग संग्रहाची मांडणी कशी असावी? अनेक ठिकाणी ‘उपयुक्त’ किंवा ‘सामान्य’ अशा नावाची एकच फाईल असते आणि कोठेच न बसणारे प्रत्येक फलन तीत टाकले जाते. ही मांडणी नव्हे. ही अडगळीची खोली होय. पार्नास यांनी १९७२ साली सांगितलेले तत्त्व येथे मार्गदर्शक ठरते: पुढे बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एका विभागात बंद करावा, म्हणजे तो बदलला तरी इतरांना धक्का लागत नाही. भाषिक सामग्रीच्या बाबतीत असे निर्णय भाषेच्या स्तरांशी जुळतात, हे भाषाशास्त्रज्ञाचे भाग्य म्हणावयाचे.

सर्वांत खाली संकेताचा स्तर. ‘दऱ्या’ या शब्दाची दोन लेखने एका रूपात आणणे हे त्याचे काम; ते एकदाच, एकाच ठिकाणी व्हावे. त्यावर अक्षराचा स्तर. ‘हरिहरेश्वर’ या शब्दात युनिकोडच्या हिशेबाने दहा संकेत आहेत, तर मराठी वाचकाच्या हिशेबाने ह, रि, ह, रे, श्व, र अशी सहा अक्षरे आहेत. लांबी विचारणाऱ्याने कोणती लांबी हवी हे सांगितले पाहिजे. त्यावर पदाचा स्तर, जेथे सामान्यरूप व विभक्ती यांचा विचार होतो. येथेही परके फलन पुरे पडत नाही. ‘हरिहरेश्वरला गेले’ या वाक्यात बहुधा गाव अभिप्रेत असते, ‘हरिहरेश्वराला नवस केला’ यात देव. ग्रामनामास सामान्यरूप न करताच प्रत्यय लावण्याची जी प्रवृत्ती आजच्या मराठीत आहे, तिच्यामुळे हा भेद रूपातच उमटतो. जे फलन दोन्ही रूपांतून केवळ ‘हरिहरेश्वर’ हे मूळ काढून देते आणि सामान्यरूप झाले होते की नाही हे सांगत नाही, ते शोधाच्या कामी चांगले व व्याकरणाच्या कामी अपुरे होय. वरच्या स्तराने खालच्याला हाक मारावी, खालच्याने वरच्याला मारू नये. आणि विशिष्ट प्रबंधाचा प्रश्न संग्रहात न शिरता आज्ञावलीतच राहावा.

याहूनही महत्त्वाची गोष्ट पूर्वअटींची. हरिहरेश्वरी डोंगराला वळसा घालून समुद्राच्या कडेने जी प्रदक्षिणा करावयाची, ती ओहोटीच्या वेळीच करता येते. त्या वाटेची माहिती देणारा माणूस वाट सांगताना ओहोटीही सांगतो. वाट बरोबर सांगून वेळ न सांगणाऱ्यास कोणी जाणकार म्हणणार नाही. फलनाच्या वर्णनात नेमके हेच बहुधा गाळलेले असते. ते काय करते हे लिहिलेले असते. कोणत्या भाषेच्या, कोणत्या लेखनपद्धतीच्या, कोणत्या रूपात आणलेल्या मजकुरावर ते चालावे, हे नसते. आणि केवळ लिहून भागत नाही. ज्या शब्दांवर फलन पूर्वी फसले त्यांची एक कसोटीयादी संग्रहासोबत असावी, व संग्रहात कोणताही बदल झाला की ती प्रथम चालवावी. वर दिलेली सात नावे आणि ‘दर्या’–‘दऱ्या’ ही जोडी एवढ्यानेही प्रारंभ होऊ शकेल. ‘वेळास’ हे गाव ज्या फलनातून जसेच्या तसे बाहेर येते, त्याला पुढची परीक्षा द्यावी.

७

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. एक असा की, एवढी शंका घ्यावयाची तर प्रत्येकाने आपले फलन आपणच लिहिणे बरे. परंतु नकलून घेतलेले आणि आपापल्या परीने थोडेथोडे दुरुस्त केलेले फलन हा सर्वांत वाईट पर्याय आहे. एकाच विभागातील चार विद्यार्थ्यांच्या चार प्रती झाल्या म्हणजे एकाने शोधलेली चूक उरलेल्या तिघांत तशीच राहते, आणि चौघांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. हस्तलिखितांच्या परंपरेत पाठभेद कसे वाढतात हे ज्यांना शिकविले जाते, त्यांनी तरी स्वतःच्या कामात ती स्थिती निर्माण करू नये. दोन-चार ओळींचे, बदलाची शक्यता नसलेले फलन खुशाल पुन्हा लिहावे. ज्यात भाषेविषयीचा एखादा निर्णय दडलेला आहे, ते मात्र एकाच ठिकाणी असावे.

दुसरा आक्षेप असा की, संग्रह सुधारत गेला म्हणजे जुन्या प्रबंधातील आकडे पुन्हा मिळणार नाहीत. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर संग्रह गोठविण्यात नाही. ग्रंथाची आवृत्ती सांगितल्याशिवाय पृष्ठाचा निर्देश करू नये, हा शिस्तीचा नियम मान्यच आहे; तोच नियम फलनसंग्रहास लावावा. कोणत्या आवृत्तीने गणना केली हे प्रबंधात नोंदवावे, जुनी आवृत्ती जपून ठेवावी, आणि नवी आवृत्ती काय बदलते ते स्पष्ट लिहावे. तरीही एक अडचण उरतेच. संग्रह जपण्याचे व त्याचे वर्णन लिहिण्याचे काम कोणाच्याही प्रबंधात मोजले जात नाही, म्हणून ते कोणी हाती घेत नाही. कोशाची चिठ्ठी लिहिणाऱ्याचे श्रम विद्वत्तेत धरावेत की कारकुनीत, हा वाद जुना आहे. येथे तो नव्या रूपाने उभा आहे, आणि विद्यापीठीय विभागांनी त्याचा निकाल लावला नाही तर वेळाससारखी गावे याद्यांतून मुकाट्याने नाहीशी होत राहतील.